दादाच्या फटफटीची घोडी

दादाच्या फटफटीला लाकडी घोडी करून घ्यायची की लोखंडी स्टँड आणायचा, यावर आमच्या घरात तीन आठवडे वाद चालला होता. आज कुणाला सांगितलं तर हसतील. पण नरपडला आमच्या वाडीत त्या काळी वाद घालण्याजोगं दुसरं काही नव्हतंच. चिकूला पाणी कधी सोडायचं ते नाना, म्हणजे माझे वडील, ठरवायचे, जेवायला काय करायचं ते आई ठरवायची, आणि बाकीच्या गोष्टी आमच्या जन्माआधीच कुणीतरी ठरवून ठेवलेल्या असायच्या. फटफटी मात्र नवीन होती. तिचे नियम अजून कुणी केले नव्हते, त्यामुळे प्रत्येकाला तोंड घालायला जागा होती. आणि सगळ्यात जास्त तोंड मी घातलं. मी पंधरा वर्षांची होते, हट्टी होते, आणि मला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती. हट्टी मी आजही आहे. समजूत मात्र तेव्हाच गेली.

दादा हिवतापाच्या फवारणीवर देखरेख करायचा. तलासरीकडची गावं त्याच्याकडे होती, पार वेवजीपर्यंत. माणसं शेतावर निघायच्या आत तिथे पोचावं लागे, नाहीतर घरं बंद आणि फवारणारी माणसं अंगणात बसून. दोन वर्षं त्याने ते सायकलवर केलं. संध्याकाळी घरी यायचा तो ओटीवर आडवा व्हायचा, आणि आई त्याच्या पोटऱ्यांना तेल चोळत सरकारला शिव्या द्यायची. मग आमच्या शेजारच्या इराणी बागाईतदाराने आपली जुनी फटफटी काढायची ठरवली आणि ती दादाने घेतली. काळी, जाडजूड, टाकीवरचा रंग दोन ठिकाणी उडालेला. आईने तिला कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि ‘मी काही त्याच्यावर बसायची नाही हं’ असं कुणी न विचारताच जाहीर करून टाकलं. त्यानंतर तिचं संध्याकाळचं घड्याळच ती फटफटी झाली. सुरूच्या बनाजवळच्या वळणावर आवाज आला की आई तवा चुलीवर टाकायची, आणि दादा हातपाय धुऊन पाटावर बसेपर्यंत तांदळाची पहिली भाकरी फुगलेली असायची. बरोबर सुक्या बोंबलाची चटणी नाहीतर वालाचं बिरडं. माजघरात गवतात पिकायला घातलेल्या चिकूंचा वास सगळ्या जेवणावर बसलेला असायचा. मला तो तेव्हा अजिबात आवडायचा नाही.

समुद्र आमच्या घरापासून दोन वाड्या सोडून. खारा वारा लोखंडाला काय करतो ते समुद्रकाठी राहिलेल्यालाच ठाऊक. कुलपं जाम व्हायची, कोयत्याला दोन दिवस हात लावला नाही की तांबूस भुकटी निघायची. फटफटीचा मूळचा स्टँड इराण्याकडेच अर्धा सडला होता, तो एका सकाळी मोडला आणि अख्खी फटफटी आईने अंगणात वाळत घातलेल्या पोह्यांच्या पापडांवर आडवी झाली. आई पापडांसाठी रडली की फटफटीसाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. त्यानंतर फटफटी चिकूच्या झाडाला टेकवून ठेवू लागलो. टेकलेली गाडी धुता येत नाही. एक बाजू धुतली तर दुसरी झाडाकडे, आणि चाकाचा खालचा भाग कायम मातीत. आणि धुणं तर फार गरजेचं, कारण तलासरीकडची लाल धूळ आणि आमच्याकडचा खारा वारा एकत्र आले की लोखंडाचं काही खरं नव्हतं. तेव्हा घरच्या घरी गाडी उभी करून धुता-पुसता येईल असं काहीतरी हवं, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं. पुढे भांडण.

नानांचं म्हणणं, डहाणूला स्टेशनजवळ जो लोहार होता त्याच्याकडून लोखंडी स्टँड करून घ्यावा. त्याने एक करून ठेवलेलाही होता, दादाने मला नेऊन दाखवला. दोन पायांचा, मागच्या आसाखाली सरकवायचा, दाबला की मागचं चाक उचललं जायचं. पुढचं चाक जमिनीवरच. सुटसुटीत, एका माणसाला जमणारा, भिंतीला टांगून ठेवता येणारा. आईचं म्हणणं, कशाला ते, चार विटा लावा. आणि आमच्याकडे पडवीचं काम करायला आलेला लखमा मेस्त्री, जो एरवी कोळीवाड्यात होड्या बांधायचा, तो हे सगळं ऐकून हसायला लागला.

“होडी कशी उभी ऱ्हाते वर काढल्यावर?” त्याने मला विचारलं. “पोटाखालून धरायची, बाय. पायाला धरून कोण उभं ऱ्हाते?”

त्याने दोरीने फटफटीचं माप घेतलं, जमिनीवर काठीने रेघा ओढल्या. होड्यांना पावसाळ्यात टेकू देतात तशी घोडी. खाली दोन आडवे ओंडके, वर खोबण पाडलेली जाड फळी, ती इंजिनाच्या पोटाखाली बसायची. मग दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकायच्या. म्हणजे गाडी जमिनीपासून वीतभर वर, दोन्ही चाकं मोकळी. लाकूड जुन्या होडीचं, खाऱ्या पाण्यात मुरलेलं, त्याला ना गंज ना वाळवी.

दोन्ही चाकं मोकळी, हे ऐकलं आणि माझं ठरलं. गाडी मी धुणार होते. दादाला वेळ नव्हता, नानांना आवड नव्हती. चाक हाताने फिरवत फिरवत एकेक तार पुसता येईल, कुणाला हाक मारावी लागणार नाही, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर आलं ते जाईना. मी नानांना म्हटलं, लोखंडाची वस्तू गंजापासून वाचवायला आपण लोखंडाचीच दुसरी वस्तू आणायची? एक गंजून मोडलाच ना? नाना म्हणाले, अर्धीच गाडी उचलली तर अर्धीच पडेल, तुझी घोडी सरकली तर सगळी अंगावर येईल. मी म्हटलं, होड्या सरकतात का? नाना म्हणाले, होडी काय रविवारी धुवायला काढतात? असे आठवडे गेले. शेवटी एका जेवणात दादा भाकरीचा तुकडा मोडता मोडता म्हणाला, “धुणार कोण? कुमू ना? मग कुमूने ठरवायचं.” नानांनी खांदे उडवले. घोडी आली. आयुष्यात पहिल्यांदा घरातली एखादी गोष्ट माझ्या शब्दाने झाली होती, आणि पुढचा आठवडाभर मी घरात नाक वर करून फिरत होते, असं आई सांगायची. सांगायची म्हणजे, आधी सांगायची.

माझा नातू ठाण्याला असतो. त्याच्याकडे महागडी मोटारसायकल आहे, आणि गेल्या महिन्यात तो फोनवर मला स्टँडची चित्रं दाखवत होता. एक नुसतं मागचं चाक उचलतो, एक दोन्ही. “आजी, कुठला घेऊ सांग ना, तुझ्याकडे होती ना कुणाची तरी बाइक?” मी म्हटलं, मागचा घे. तर म्हणे, का? मी म्हटलं, स्वस्त असेल. खरं कारण मी त्याला कसं सांगणार? साठ वर्षं मी एकच हिशेब करत आले आहे. लोखंडी स्टँड असता तर पुढचं चाक जमिनीवर राहिलं असतं. पुढचं चाक जमिनीवर राहिलं असतं तर ते माझ्या हाताला लागलं नसतं. एक ब्रेक उरला असता. एका ब्रेकवर माणूस थांबतो की नाही, हे मी कितीतरी जणांना सहज विचारल्यासारखं विचारून पाहिलं आहे. बहुतेक जण म्हणतात, थांबतो.

त्या वर्षीचे रविवार मात्र सुखाचे गेले, ते नाकारून चालायचं नाही. सकाळी न्याहारी झाली की दादा आणि नाना गाडी घोडीवर चढवायचे. आधी पुढून, मग मागून, नाना दर वेळी कुरकुरत, आणि पाचरी ठोकायचं काम माझं. मग विहिरीचं पाणी, चिंधी, राख, दात घासायचा जुना ब्रश. मी चाकापाशी पाट टाकून बसायची आणि दादा ओट्यावर उघडा बसून मला वेवजीच्या गोष्टी सांगायचा. एका घरात म्हातारीने फवारणाऱ्याला आत येऊ दिलं नाही, भिंतीवर तिने लेकीच्या लग्नाचं चित्र काढलं होतं म्हणून. दादाने तेवढी भिंत सोडून फवारायला सांगितलं, आणि कागदावर पूर्ण घर लिहिलं. “खोटं लिहिलंस?” मी विचारलं. “तेवढ्या भिंतीवर डास बसणार नाहीत, मी सांगितलंय त्यांना,” दादा म्हणाला. एकदा तो मला मागे बसवून कोसबाडच्या टेकडीवर घेऊन गेला. वरून खाली समुद्र दिसतो. मॅट्रिक झालीस की इथे मास्तरीण व्हायचं शिक्षण घे, नानांना मी बघून घेतो, असं तो तिथे उभं राहून म्हणाला. नाना मला मॅट्रिकपर्यंत तरी ठेवतील का याचीच मला खात्री नव्हती. दादा बघून घेणार म्हणजे झालंच, असं मला वाटलं. सगळ्याच गोष्टींत मला तसं वाटायचं.

आमच्या विहिरीवर रहाट होता. बैल फिरायचे, पोहरे भरून वर यायचे, आणि त्याचा आवाज दिवसभर वाडीत असायचा. तो आवाज गुळगुळीत असला तर कुणाच्या लक्षातही यायचा नाही. पण आसातून जरा कुरकुर ऐकू आली की आई हातातलं काम टाकून उठायची. तिचा नियमच होता, कुरकुरणारं चाक ऐकत बसायचं नाही, तेल द्यायचं. बुधलीत खोबरेल, त्यात कोंबडीचं पीस, पीस आसाच्या फटीत घालून फिरवायचं, आवाज जाईपर्यंत. ते काम मी सात-आठ वर्षांची असल्यापासून करत होते. जात्याच्या खुंट्याला, दाराच्या बिजागरीला, कपाटाला, नानांच्या अडकित्त्यालासुद्धा मी तेल दिलेलं होतं. वाडीत वाढलेल्या कुठल्याही मुलीला हे शिकवावं लागत नाही. चाक ओरडतं म्हणजे ते कोरडं आहे, एवढंच आम्हाला माहीत.

तो शनिवार होता. दादाने तलासरीला छगनभाई मेकॅनिककडे दोन्ही चाकांच्या ब्रेकना नव्या पट्ट्या घालून घेतल्या होत्या. हे मला नंतर कळलं. रविवारी डहाणूला नात्यात साखरपुडा होता, म्हणून दादा आणि नानांनी सकाळी लवकरच गाडी घोडीवर चढवली आणि दोघेही चालत निघून गेले. आई आत लाडूंचं करत होती. मी गाडी धुतली, पुसली, आणि नेहमीसारखं मागचं चाक फिरवलं. घर्र घर्र असा आवाज आला. याआधी तो कधी नव्हता. पुढचं फिरवलं, तिथेही तसंच. मला वाईट वाटलं. इतकी घासते-पुसते मी हिला, आणि माझ्या हाताखाली हिचं चाक कोरडं पडावं! रहाटाची बुधली उचलली, पण ते तेल काळं झालेलं होतं, त्यात कचरा होता. दादाच्या गाडीला ते कसं घालणार? मग मी माजघरात गेले आणि आईने केसांसाठी मेथी घालून कढवलेलं खोबरेल घेतलं. घरातलं सगळ्यात चांगलं तेल. चाकाच्या मधल्या डब्याभोवती जी बारीक फट असते तिच्यात मी पीस घालून घालून तेल सोडलं. चाक फिरवायचं, तेल सोडायचं. पुन्हा फिरवायचं, पुन्हा सोडायचं. मागचं झालं, मग पुढचं. अर्धा तास लागला असेल. शेवटी दोन्ही चाकं अशी फिरायला लागली की काही ऐकूच येईना, आणि मी बाहेर सांडलेला थेंब न् थेंब फडक्याने पुसून काढला, कारण मला स्वच्छतेचा भारी अभिमान.

संध्याकाळी दादा दमून आला. मी त्याला हात धरून घोडीपाशी नेलं आणि एकेक चाक फिरवून दाखवलं. तो कान देऊन ऐकू लागला. “अरे वा! बसले की एका दिवसात!” म्हणाला, आणि माझ्या डोक्यावर टपली मारून आत गेला. काय बसले, ते मी विचारलं नाही. मला शाबासकी मिळाली एवढंच मी घेतलं.

सोमवारी तो अंधूक उजेडात निघाला. नरपड ते डहाणू रस्ता सपाट, त्या वेळेला चिटपाखरू नसायचं, ब्रेक लावायची वेळच येत नसणार. डहाणूच्या नाक्यावर त्याने पान घेतलं. तिथल्या पानवाल्याने नंतर नानांना सांगितलं की गाडी थांबवताना दादाने दोन्ही पाय जमिनीला घासले आणि हसत म्हणाला, कालच वाटलं बसले म्हणून, पण नवे ब्रेक आहेत, अजून बसायचेत वाटतं. पुढे तलासरीच्या अलीकडे रस्ता उतरतो आणि खाली नाल्यावर अरुंद मोरी आहे. मोरीवर गवताची बैलगाडी होती, गवतावर दोन बायका आणि त्यांची पोरं. गाडीवान सांगत होता, फटफटीवाला लांबूनच ओरडत आला, सरका, सरका. पण भरल्या गाडीने मोरीवर सरकायचं कुठे? दादाने फटफटी बाजूच्या नाल्यात घातली. नाल्यात पाणी नव्हतं, दगड होते.

त्या दुपारी आमच्या अंगणात जीप आली. आई ओटीवर बसून चिकू निवडत होती. उतरलेल्या माणसांनी चपला काढल्या नाहीत आणि पाणीही मागितलं नाही, यावरून तिला कळलं. तिने जो हंबरडा फोडला तो मी इथे लिहू शकत नाही. मला आठवतं ते एवढंच की चिकू घरंगळत अंगणभर गेले आणि मी ते वेड्यासारखी गोळा करत राहिले, कुणीतरी मला धरून उठवेपर्यंत. पंचविसावं वर्ष नुकतंच लागलं होतं त्याला.

ब्रेक लागले नाहीत, हे गाडीवानाच्या सांगण्यावरून सगळ्यांनाच कळलं. आणि ब्रेक शनिवारी छगनभाईने बदलले, हेही कळलं. दहा दिवस नाना सुतकात घरीच बसून होते. अकराव्या दिवशी उठून तलासरीला गेले आणि भर बाजारात छगनभाईची गचांडी धरली. माझ्या पोराला मारलंस, असं ओरडले. छगनभाई साठीचा, किडकिडीत, गुजरातीमिश्रित मराठी बोलणारा माणूस. तो म्हणे नुसता हात जोडून उभा राहिला. त्या दिवसापासून त्याच्या दुकानात कुणी सायकलसुद्धा नेईना. मला ते ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मी रोज देवापुढे बसून त्याचं वाटोळं मागत होते, त्याचे हात झडोत म्हणत होते.

तेराव्यानंतर दोन-तीन दिवसांनी छगनभाई आमच्या घरी आला. टळटळीत दुपार होती. पाहुणे पांगले होते, ओटीवर नाना एकटे, मी दाराशी, आई माजघरात. त्याच्या काखेत गोणपाटाची गुंडाळी होती. नाना उठून उभे राहिले, पण तो पायरीवरूनच म्हणाला, “मारायचं तर मारा, नाना. पण आधी हे जुओ.” त्याने गोणपाट उलगडलं. आत दोन्ही चाकांचे मधले डबे आणि वाकड्या पट्ट्या होत्या. मोडलेली फटफटी त्याच्याच दुकानासमोर आणून टाकली होती, ती त्याने उघडली होती.

“नवी पट्टी मी घातली. मी त्याला सांगितलं, बे दिवस घासेल, आवाज करेल, पछी बराबर बसेल. घासलं म्हणजेच ब्रेक लागतो ना, नाना? पण ही पट्टी जुओ. तेल पिऊन गच्च झाली आहे. दोन्ही चाकांत. ब्रेकात तेल गेलं तर बर्फावरून घसरल्यासारखं. चाळीस वरस हे काम करतो, मी तेल घालेन? वास घ्या. हे मशीनचं तेल नथी.”

नानांनी पट्टी नाकाशी नेली. मला वास घ्यायची गरज नव्हती. दुपारच्या उन्हात तो दारापर्यंत आला होता, खवट झालेला, पण खोबरेल आणि मेथी. आमच्या सगळ्यांच्या डोक्याला तोच वास होता. त्या क्षणी मला सगळं एकदम कळलं. घर्र घर्र का येत होतं ते कळलं, दादा काय बसले म्हणाला ते कळलं. मी चौकट धरली. 

नाना डोकं वर न करता म्हणाले, “कुणी घातलं हे?”

“मी,” आई म्हणाली.

ती माझ्या मागे कधी येऊन उभी राहिली होती ते मला कळलं नव्हतं. माझ्या खांद्याला बाजूला सारून ती ओटीवर गेली. पांढरं फटक तोंड, पण आवाज स्वयंपाकघरातला, रोजचा. “तुम्ही दोघे साखरपुड्याला गेला होता. चाक कुरकुरत होतं. रहाटाला घालते तसं घातलं मी. मला काय ठाऊक?”

आईने त्या फटफटीला कुंकवाच्या बोटापलीकडे कधी हात लावला नव्हता. घोडीपाशी पाट टाकून दर रविवारी कोण बसायचं ते नाना बघत होते. त्यांनी एक क्षण विचार केला असता तर त्यांना कळलं असतं. त्यांनी तो केला नाही, का करायचा नाही असं ठरवलं, हे मला आजही सांगता येत नाही. छगनभाईने मात्र आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग घाईघाईने गोणपाट गुंडाळायला लागला. नानांनी त्याच्यासमोर हात जोडले. तो म्हणाला, “नको नको, नाना, मला नको,” आणि पाणीही न घेता निघून गेला. पुढच्या बाजारच्या दिवशी नाना तलासरीला जाऊन चार माणसांसमोर सांगून आले की छगनभाईचा दोष नाही, चूक आमच्या घरात झाली. कुणाची, तेही सांगितलं.

त्या संध्याकाळी मी विहिरीवर आईला गाठलं. आई, मी सांगते नानांना, एवढंच म्हणाले असेन. तिने माझं मनगट असं धरलं की दुसऱ्या दिवशी तिथे काळंनिळं झालं होतं. “तोंड उघडशील तर माझं मेलेलं तोंड बघशील,” ती म्हणाली. “एक पोर गेलं माझं. दुसऱ्याला मी ह्या घरात तसं जगू देणार नाही. माझं काय, माझं झालं सगळं.” ती तेव्हा चव्वेचाळीस-पंचेचाळीसची असेल. आज मी तिच्याहून कितीतरी मोठी आहे, आणि पंचेचाळीसच्या बाईचं काहीच झालेलं नसतं हे मला चांगलं माहीत आहे.

गावात बायकांनी तिला हळदीकुंकवाला बोलावणं सोडलं नाही, पण तिच्यापाशी मुलांना पाठवणं सोडलं. पोराला तेल घालून मारलं, असं एकीने विहिरीवर म्हटलेलं मी स्वतः ऐकलं. आई ते वाक्य ऐकतच घागर उचलून निघून आली. त्यानंतर तिने माझ्याशी त्या विषयावर अवाक्षर काढलं नाही, दोघीच असताना सुद्धा नाही. मला तिने रागाने, मायेने, कशानेही ते कधी आठवून दिलं नाही. मी रोज तिच्या तोंडाकडे बघायची, आज तरी काही बोलेल. मला तिने शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते.

आणि नानांनी आईशी बोलणं टाकलं. जेवण ते जेवायचे, ते न जेवून कुठे जातील? पण तिच्या हातचं पाणी त्यांनी घेतलं नाही. तिने पेला ठेवला तर तो तसाच राहायचा, मग ते हाक मारायचे, “कुमू, पाणी.” मी तोच पेला उचलून त्यांच्या हातात द्यायची. ते माझ्या डोक्यावर हात ठेवायचे. मॅट्रिक मी झाले, कोसबाडला शिकले, मास्तरीण झाले, नानांनी कशालाच नाही म्हटलं नाही. दादाचं जे जे होतं ते सगळं त्यांनी मला दिलं, माया धरून. लग्न करून मी गेले तेव्हा पाण्याचं काम मोलकरणीकडे गेलं.

नाना त्यानंतर काही वर्षांनी गेले. मला तार करून बोलावून घेतलं होतं. मी पोचले तेव्हा त्यांचा श्वास लागला होता, आई उशाशी बसून चमच्याने पाणी घालायला बघत होती आणि ते ओठ घट्ट मिटून घेत होते. मला पाहिल्यावर त्यांनी ते उघडले. आईने चमचा माझ्या हातात दिला आणि उठून भिंतीशी जाऊन उभी राहिली. मी पाणी घातलं. दोन चमचे गिळून ते म्हणाले, “पोरी, माझी तू एकटीच.” आई तिथेच होती, चार हातांवर. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिने हळूच मान हलवली, नको म्हणून. मी तिसरा चमचा भरला. तेव्हाही मी बोलले नाही.